रेने इगीता, विंचवाची किक आणि गोली लोकांचे बाकी सगळे प्रश्न (वारंवार विचारले जाणारे)

नागपुरात मी पोरांना गोलकीपिंग शिकवतो. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला, कारण आठनंतर मुरमाच्या ग्राउंडवर हात टेकवत नाही, आणि बाकी दिवसांत संध्याकाळी. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर तो जुना व्हिडिओ फिरवतं, कुरळ्या केसांचा गोली पायानं विंचवासारखा बॉल उडवतो तो, आणि मग तेच प्रश्न परत सुरू होतात, पोरांचे वेगळे, आईबाबांचे वेगळे. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतो. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी असेल तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. सर, हा इगीता नेमका कोण? पोट्टे दिवसभर त्याचाच व्हिडिओ पाहून राहिले.

कोलंबियाचा गोलकीपर. पूर्ण नाव होसे रेने इगीता सापाता, जन्म २७ ऑगस्ट १९६६, शहर मेदेयीन. आईचं छत्र लहानपणीच गेलं, आजीनं वाढवला. १९८७ ते १९९९ या काळात कोलंबियाकडून ६८ मॅच खेळला आणि त्यात ३ गोल केले, गोली असून. क्लबचं म्हणाल तर सुरुवात बोगोटाच्या मियोनारियोसकडून झाली, पण त्याचं खरं घर म्हणजे मेदेयीनचा अत्लेतिको नासिओनाल. बहुतेकांना तो फक्त वेम्ब्लीच्या किकमुळे माहीत असतो (प्रश्न ५), ज्यांनी १९९०चा वर्ल्ड कप पाहिला त्यांना एका चुकीमुळे (प्रश्न ९), आणि खुद्द मेदेयीनमध्ये विचाराल तर लोक आधी १९८९चा कप सांगतील (प्रश्न ८).

२. हिगुइटा म्हणायचं का इगीता?

इगीता. स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा 'ह' उच्चारत नाहीत. आपल्याकडे इंग्रजी स्पेलिंग वाचून हिगुइटा रूढ झालंय, तसं म्हटलं तरी सगळ्यांना कळतं.

३. त्याले 'पागल' काऊन म्हणत होते? खरंच डोक्यानं तसा होता का?

टोपणनाव 'एल लोको', म्हणजे वेडा. दक्षिण अमेरिकेत हे नाव बऱ्याच जणांना मिळालंय, अर्जेंटिनाचा गोली ऊगो गात्ती त्याच्या आधीपासून 'एल लोको' होता. आणि आपल्या नागपुरात 'पागल आहे बे तो' हे आपण कोणाला म्हणतो ते आठवा, शिव्या देतानाही म्हणतो आणि जीव ओवाळून टाकावासा वाटतो तेव्हाही म्हणतो. तिकडेही तसंच.

तो करायचा काय तर बॉक्स (गोलसमोरचा आखलेला चौकोन, ज्यात गोलीला हात वापरता येतो) सोडून चाळीस-चाळीस मीटर पुढे यायचा, समोरच्या स्ट्रायकरला ड्रिबल करून काढायचा, फ्री किक मारायचा, पेनल्टी मारायचा. पण यातलं बरंचसं ठरवून होतं, हे लोक विसरतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. नासिओनालचा आणि कोलंबियाचा कोच फ्रान्सिस्को मातुराना. त्याची टीम झोनल डिफेन्स खेळायची, म्हणजे माणूस न धरता प्रत्येकानं आपापली जागा राखायची, चारही डिफेंडर बरेच वर उभे. आता डिफेन्स वर गेला की मागे मोठं मोकळं मैदान पडतं, त्यात समोरच्यानं लांब बॉल टाकला की स्ट्रायकर एकटा सुटतो. ते मैदान राखायचं काम इगीताकडे होतं. म्हणजे तो गोलीही होता आणि शेवटचा डिफेंडरही. ज्याला आज आपण स्वीपर-कीपर म्हणतो. तो पुढे आला नसता तर मातुरानाला डिफेन्स एवढा वर ठेवताच आला नसता. यातलं वेड किती आणि काम किती हे वेगळं काढता येत नाही, दोन्ही एकाच अंगात होतं.

४. तो आधी स्ट्रायकर होता म्हणतात, खरं का?

हो. लहानपणी पुढे खेळायचा, गोल करायचा, मग एकदा टीमचा गोली जखमी झाला म्हणून हा उभा राहिला आणि तिथेच राहिला. पायात जे होतं ते तिथून आलेलं. माझा अनुभव असा की जी पोरं आधी दुसऱ्या जागी खेळून मग गोलमध्ये येतात त्यांना बॉल पायात आला की घाबरायला होत नाही. म्हणून मी माझ्या गोल्यांना आठवड्यात एक दिवस पुढे खेळवतोच, पालक कितीही म्हणोत की वेळ वाया जातो.

५. स्कॉर्पियन किक म्हणजे नक्की काय, आणि ती कधी मारली?

६ सप्टेंबर १९९५, लंडनचं जुनं वेम्ब्ली, इंग्लंड विरुद्ध कोलंबिया, फ्रेंडली मॅच, निकाल ०-०. इंग्लंडच्या जेमी रेडनॅपनं लांबून बॉल उचलला. तो क्रॉस होता का शॉट हे आजही नीट सांगता येत नाही, पण बॉल उंच होता, संथ होता आणि गोलकडे चालला होता. कुठलाही गोली दोन पावलं मागे सरकून आरामात हातात घेईल असा. इगीतानं तो डोक्यावरून जाऊ दिला, स्वतः पुढच्या बाजूला झेपावला, छाती जमिनीकडे, हात खाली टेकायला तयार, आणि दोन्ही पाय पाठीमागून वर उचलून टाचांनी बॉल गोललाइनच्या आधीच बाहेर उडवला. विंचू नांगी डोक्यावर आणतो ना, अगदी तसं, म्हणून नाव पडलं.

व्हिडिओ सावकाश करून बघा. बॉल बुटाला लागतो त्या क्षणी त्याचं तोंड गवताकडे आहे, बॉल त्याला दिसतच नाहीये. दोन्ही बूट जवळजवळ जोडलेले आणि डोक्यापेक्षा वर. म्हणजे बॉल कुठे असेल हे त्यानं उडी मारायच्या आधीच ठरवलेलं होतं, पुढे सगळं अंदाजावर. मी हा तुकडा किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही, आणि दर वेळी त्या जोडलेल्या बुटांपाशी थांबतो. योगाच्या क्लासला जाणाऱ्या एका आईनं पाहिल्या पाहिल्या सांगितलं, सर हे तर वृश्चिकासन आहे. बरोबरच आहे, फक्त हवेत आणि डोक्यावरून बॉल जात असताना.

६. ते ऐन वेळी सुचलं की आधीपासून ठरलेलं होतं?

ऐन वेळी नाही. इगीतानं स्वतः मुलाखतींत सांगितलंय की १९९०च्या सुमारास एका जाहिरातीच्या शूटिंगला लहान मुलं होती, ती उलट्या-सुलट्या किक मारून बघत होती, तिथून कल्पना आली, मग तो प्रॅक्टिसमध्ये मारत राहिला आणि मॅचमध्ये तसा बॉल यायची वाट पाहत राहिला. जवळपास पाच वर्षं. माझ्याकडच्या पोरांना मी हा भाग नेहमी सांगतो, कारण त्यांना वाटतं की तो उठला आणि मारली.

७. पण हे नियमात बसतं का? मी मारली तर रेफरी फाउल देईल ना?

बसतं. गोलीला पायानं अडवायला कुठेच बंदी नाही. अडचण येते ती एकाच वेळी, समोरचा खेळाडू अगदी जवळ असेल आणि तुमच्या पायानं त्याला लागायची भीती असेल तर. मग रेफरी धोकादायक खेळ म्हणून इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत) देऊ शकतो, आणि पाय खरंच लागला तर बॉक्समध्ये असल्यामुळे पेनल्टी. वेम्ब्लीत जवळपास कोणी नव्हतं. गोलीच्या बाकीच्या नियमांसाठी प्रश्न १५ आणि १६ बघा.

८. फक्त शोबाजीच होती का? काही जिंकला का कधी?

हा प्रश्न आला की मला थोडा रागच येतो, तरी शांतपणे सांगतो.

१९८९चा कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप. त्याआधी कोलंबियाच्या एकाही क्लबनं तो जिंकलेला नव्हता. नासिओनाल फायनलला पोचला, समोर पॅराग्वेचा ओलिम्पिया. पहिली मॅच आसुन्सिओनला, नासिओनाल ०-२ हरला. दुसरी मॅच मेदेयीनला व्हायची, पण फायनलला लागतात तेवढ्या प्रेक्षकांची सोय तिथल्या स्टेडियमला नव्हती म्हणून ती बोगोटाच्या एल काम्पीनला गेली. ३१ मे १९८९. नासिओनाल २-० जिंकला, एकूण बरोबरी, मग पेनल्टी शूटआउट.

दोन्ही टीमनी नऊ-नऊ पेनल्टी मारल्या. विचार करा, पाच नाही, नऊ. नासिओनालचे खेळाडू मारायला जातात आणि चुकवतात, आणि दर वेळी इगीता परत उभा. त्यानं चार अडवल्या. वर एक पेनल्टी स्वतः मारून गोल केला. शेवटी लिओनेल आल्वारेसनं विजयी पेनल्टी मारली आणि ५-४ नं कप कोलंबियाला आला. शूटआउट करणाऱ्या गोलीची तब्येत काय होते ते मला माहीत आहे, तालुक्याच्या टूर्नामेंटमध्ये पाच पेनल्टीनंतर पोरांचे गुडघे थरथरताना पाहिलेत. नऊ पेनल्टी, मध्येच स्वतः मारायला जायचं, परत येऊन लाइनवर उभं राहायचं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टोकियोला युरोपचा चॅम्पियन मिलान समोर होता, त्या वेळचा मिलान म्हणजे काय टीम होती. नासिओनालनं त्यांना जवळजवळ शूटआउटपर्यंत नेलं, एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी, ११९व्या मिनिटाला एवानीनं फ्री किकवर गोल केला आणि ०-१ गेलं. पुढे १९९५ला नासिओनाल परत लिबेर्तादोरेसच्या फायनलला गेला, सेमीफायनलला रिव्हर प्लेटविरुद्ध इगीताच्याच फ्री किकवर पहिली मॅच १-० जिंकून. फायनल ब्राझीलच्या ग्रेमिओनं घेतली.

९. १९९०च्या वर्ल्ड कपमध्ये रोजर मिलाचं काय झालं होतं? बाबा नेहमी सांगतात.

बाबांनी दूरदर्शनवर पाहिलं असणार, मीही पाहिलं. २३ जून १९९०, नेपल्स, कॅमेरून विरुद्ध कोलंबिया, बाद फेरी. आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाली. शेजारच्या काकांकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, खोलीत पंधरा-वीस माणसं, कूलरचं पाणी संपलेलं आणि कोणी भरायला उठायला तयार नाही. नव्वद मिनिटं ०-०. एक्स्ट्रा टाइममध्ये १०६व्या मिनिटाला कॅमेरूनच्या रोजर मिलानं एक गोल केला. त्याचं वय तेव्हा ३८.

मग दोनेक मिनिटांत ते झालं. इगीता गोलपासून चांगला ३०-३५ मीटर पुढे, सहकाऱ्याकडून बॉल पायात आला, मिला अंगावर धावत आला. तिथे कोणताही गोली बॉल बाहेर मारतो. इगीता बॉल तळव्यानं मागे ओढून मिलाला चकवायला गेला, मिलानं पाय घातला, बॉल काढला, आणि रिकाम्या गोलकडे पळत सुटला. इगीता मागून घसरत गेला पण उशीर झाला होता. २-०. नंतर कोलंबियाच्या रेदिननं एक परत केला, मॅच २-१ नं गेली, कोलंबिया बाहेर, आणि कॅमेरून वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलला जाणारी पहिली आफ्रिकन टीम. इगीता नंतर म्हणाला, घराएवढी मोठी चूक होती ती. कोणावर ढकललं नाही.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. मिला आणि कोलंबियाचा कॅप्टन वाल्देरामा फ्रान्सच्या माँपेलिएमध्ये एका टीमला खेळलेले होते, आणि इगीता बॉल घेऊन असा खेळतो हे आपल्याला ठाऊक होतं असं मिलानंच पुढे सांगितलं. म्हणजे तो नुसता नशिबानं तिथे नव्हता पोचला, टपून होता. आणि हेही लक्षात असू द्या की त्याच वर्ल्ड कपमध्ये इगीतानं युगोस्लाव्हियाची पेनल्टी अडवली होती आणि पश्चिम जर्मनीशी १-१ झालेल्या मॅचमध्येही गोलमध्ये तोच होता. त्याची खेळायची पद्धत नसती तर कोलंबिया त्या नेपल्सच्या मॅचपर्यंत पोचलीच नसती असं माझं मत आहे, तुम्हाला पटलं नाही तरी चालेल.

१०. गोली असून गोल किती केले? सगळ्यात जास्त त्याचेच का?

नाही. इगीताचे क्लब आणि देश धरून चाळीसच्या आसपास, बहुतेक पेनल्टी आणि फ्री किकवर. सगळ्यात जास्त ब्राझीलच्या साओ पाउलोचा रोजेरियो सेनी, शंभराच्या पार कधीच गेला. दुसरा पॅराग्वेचा चिलावेर्त, त्यानं १९९९ला एका मॅचमध्ये तीन पेनल्टी मारून हॅटट्रिक केली. आणि मेक्सिकोचा होर्हे काम्पोस, तो तर रंगीबेरंगी जर्सी स्वतः डिझाइन करायचा आणि कधीकधी स्ट्रायकर म्हणून उतरायचा. चौघंही लॅटिन अमेरिकेतले.

११. एवढा भारी होता तर युरोपात काऊन नाही चालला?

गेला होता. १९९१-९२ला स्पेनच्या रेआल वायादोलिदकडे, कोच मातुरानाच, सोबत वाल्देरामा आणि लिओनेल आल्वारेसही. पण टीमच कमजोर, त्या सीझनला वायादोलिद खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला. एका सीझनात तो परत. पुढे मेक्सिकोचा वेराक्रूस, इक्वेडोरचा आऊकास असे क्लब केले.

१२. तो जेलमध्ये गेला होता हे खरं आहे का? काय केलं होतं?

खरं आहे, आणि हे मुलांपासून लपवू नका असं माझं मत. १९९३ची गोष्ट. मेदेयीनमध्ये एका माणसाच्या मुलीचं अपहरण झालं होतं, त्यात ड्रग माफिया पाब्लो एस्कोबारचा संबंध होता, आणि मुलीच्या सुटकेसाठी इगीता मध्यस्थ झाला. मुलगी सुटली. इगीताला त्या कामाचे ६४,००० डॉलर मिळाले. कोलंबियात अपहरणातून पैसे घेणं हाच गुन्हा, भले तुम्ही सोडवायला गेला असाल. त्याचं म्हणणं होतं की मी फुटबॉलर आहे, अपहरणाचे कायदे मला काय माहीत. सुमारे सात महिने आत राहिला, नंतर आरोप सिद्ध न होता सुटला. त्याच्या आधी तो एस्कोबारला जेलमध्ये भेटायला गेल्यामुळेही टीका झाली होती.

किंमत मोठी होती. ५ सप्टेंबर १९९३ला कोलंबियानं अर्जेंटिनाला त्यांच्याच घरी ब्युनोस आयर्समध्ये ५-० हरवलं, त्यांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी संध्याकाळ, आणि गोलमध्ये ओस्कार कोर्दोबा होता. इगीता तेव्हा जेलमध्ये. १९९४चा वर्ल्ड कपही गेला.

१३. पाब्लो एस्कोबार आणि तो मारला गेलेला फुटबॉलर एस्कोबार भाऊ होते का?

नाही, काहीच नातं नाही. आंद्रेस एस्कोबार हा डिफेंडर, नासिओनालमध्ये इगीताच्याच पुढे उभा राहायचा. १९९४च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध त्याच्या पायाला लागून सेल्फ गोल झाला आणि २ जुलै १९९४ला मेदेयीनमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. वय २७. पाब्लो त्याआधीच डिसेंबर १९९३ला मेला होता. दोघांची नावं एकत्र घेतली की मला कसंतरी होतं, आंद्रेसला मैदानावर सभ्य माणूस म्हणून ओळखत होते.

१४. बॅक पासचा नियम इगीतामुळे आला म्हणतात, ते 'इगीता लॉ' काय आहे?

काही जण त्या नियमाला हे नाव देतात. नियम १९९२ला आला, की सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं दिलेला बॉल गोलीनं हातात घ्यायचा नाही. पण तो आला मुख्यतः टाइमपास थांबवायला. १९९०च्या वर्ल्ड कपमध्ये एका मॅचला सरासरी २.२१ गोल झाले, वर्ल्ड कपच्या इतिहासात सगळ्यात कमी, आणि टीम एक गोल झाला की गोलीकडे बॉल देत बसायच्या, गोली उचलायचा, सोडायचा, परत मागे. इगीताचा यातला भाग उलटा होता. त्याला हातात घ्यायची मुभा होती तेव्हाही तो पायानं खेळायचा. नियम आल्यावर बाकीच्या गोल्यांना जे घाईघाईनं शिकावं लागलं ते त्याला आधीच येत होतं.

१५. मग बॅक पास हातात घेतला तर कार्ड मिळतं का? डोक्यानं दिलेला चालतो का?

इथे दर टूर्नामेंटला भांडणं होतात म्हणून नीट वाचा. हातात घेतला तर तिथून इनडायरेक्ट फ्री किक, एवढ्यासाठी कार्ड नाही. छातीनं, डोक्यानं, गुडघ्यानं दिलेला हातात घेतला तर चालतं. पण डिफेंडरनं नियम चुकवायला मुद्दाम पायानं बॉल स्वतःच्या डोक्यावर उचलून मग हेड करून दिला तर ती चलाखी धरतात, त्याला यलो कार्ड आणि समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक, गोलीनं हात लावला नसला तरी. थ्रो-इनवरून थेट गोलीच्या हातात हेही नाही चालत. आणि एक अपवाद बऱ्याच रेफरींनाही आठवत नाही: बॅक पास आला, गोलीनं तो बाहेर मारायचा स्पष्ट प्रयत्न केला पण किक फसली आणि बॉल तिथेच राहिला, तर मग तो हातात घेऊ शकतो. हा बदल २०१९चा.

नवीन एक: २०२५पासून गोलीनं बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. आधी सहा सेकंदांचा नियम होता आणि इनडायरेक्ट फ्री किक होती, पण ती कोणी देतच नव्हतं.

१६. गोली इगीतासारखा पुढे गेला तर ऑफसाइड कसं मोजायचं? आणि बाहेर हात लागला तर रेड कार्डच ना?

ऑफसाइड मोजताना गोली वेगळा नाही. शेवटून दुसरा खेळाडू बघायचा. एरवी शेवटचा गोली असतो म्हणून आपण दुसरा म्हणजे शेवटचा डिफेंडर समजतो. गोली कॉर्नरला पुढे गेला आणि मागे एकच डिफेंडर उरला, तर स्ट्रायकर त्या डिफेंडरच्या बरोबरीत असला तरी ऑफसाइड होऊ शकतो, कारण दोन माणसं हवीत. फक्त स्ट्रायकर स्वतःच्या हाफमध्ये असेल तर ऑफसाइड नाहीच.

हाताचं म्हणाल तर रेड कार्डच असं नाही. बॉक्सबाहेर हात लागला की डायरेक्ट फ्री किक. स्पष्ट गोलची संधी मोडली तर रेड, चांगला हल्ला मोडला तर यलो, दोन्ही नसेल तर नुसती फ्री किक. आणि गोलीचे पाय कुठे आहेत हे बघत नाहीत, बॉल कुठे आहे ते बघतात. लाइन बॉक्समध्येच धरतात.

१७. ड्रग्जमध्ये पण सापडला होता ना?

हो. २००४ला आऊकासमध्ये असताना टेस्टमध्ये कोकेन निघालं. करिअरचा उतार होता, वय ३८. पुढच्या वर्षी टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये गेला, चेहऱ्याची प्लास्टिक सर्जरीही टीव्हीवरच करून घेतली. मी पोरांना हे पण सांगतो. आवडणाऱ्या माणसाचं सगळंच आवडलं पाहिजे असं नाही. तरी खेळणं सोडलं नाही त्यानं, छोट्या क्लबांतून खेळत राहिला, जानेवारी २०१०ला मेदेयीनमध्ये निरोपाची मॅच झाली तेव्हा ४३ वर्षांचा होता.

१८. आजच्या नॉयर, एडरसनपेक्षा तो भारी होता का?

शॉट अडवण्यात आजचे गोली पुढे आहेत, ट्रेनिंगच वेगळं. पण २०१४च्या वर्ल्ड कपमध्ये अल्जेरियाविरुद्ध जर्मनीचा गोली नॉयर बॉक्सच्या बाहेर येऊन येऊन बॉल साफ करत होता तेव्हा सगळे वा वा करत होते, तेच काम इगीता पंचवीस वर्षं आधी करत होता आणि त्याला पागल म्हणत होते. फरक एक आहे. नॉयर पुढे येऊन बॉल लांब मारतो किंवा पास देतो. इगीता पुढे येऊन समोरच्याला चकवायचा. तेवढं मी पोरांना करू देत नाही.

१९. माझा मुलगा उंचीनं कमी आहे, गोली होईल का?

इगीता १७५ सेंटिमीटर, काम्पोस त्याहून कमी. मोठ्या क्लबांना आता उंच गोली लागतात हे खरं आहे, ते लपवत नाही. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाची उंची पाहून त्याला गोलमधून काढू नका. पायात बॉल घ्यायला शिकवा, लवकर पुढे यायला शिकवा.

२०. सर, स्कॉर्पियन किक शिकवा ना!

रोज ऐकतो. गेल्या वर्षी एका बारा वर्षांच्या पोरानं मी पाठ फिरवल्यावर मारून पाहिली. हात टेकवायला उशीर झाला, हनुवटी थेट मुरमावर, दोन टाके पडले. इगीता वेम्ब्लीच्या गवतावर पडला होता. आपल्या ग्राउंडवर साधी डाइव्ह मारली तरी कोपरं सोलून निघतात, बिब्ब्याएवढे खडे वर आलेले असतात.

शिकायचीच असेल तर माझा क्रम असा. आधी नुसतं पुढे पडायला शिका, गादीवर, दोन्ही हात आणि छाती, हनुवटी वर. महिनाभर तेवढंच. मग पडताना पाय मागून वर न्यायचे, बॉलशिवाय. कंबर आणि मांडीच्या मागच्या शिरा मोकळ्या लागतात, वृश्चिकासन नाही जमलं तरी भुजंगासन आणि धनुरासन करा. मग हातानं हळू टाकलेला बॉल. आणि मॅचमध्ये नाही. ज्याला बॉल हातात घेता येतो त्यानं तो हातात घ्यायचा. चौदाच्या आतल्यांना मी बॉलसकट करू देत नाही, रुसले तरी.

२१. नागपुरात गोलीचं ट्रेनिंग कुठे मिळेल?

फुटबॉल म्हटलं की मोमिनपुरा आणि कामठी, तिथे घराघरात खेळ आहे, कोणत्याही क्लबच्या प्रॅक्टिसला जाऊन उभे राहा, गोली नेहमी कमीच असतात त्यामुळे नाही म्हणत नाहीत. घरची परिस्थिती बेताची असेल तर स्लम सॉकर बघा, विजय बारसे सरांनी २००१ला नागपुरातच झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेलं. ग्लोव्ह्ज पहिल्या दिवशी घेऊ नका, सहा महिने टिकला तर घ्या.

२२. मुलगा पुढे येऊन गोल खातो, टीम हरते, बाकीचे आईबाबा बोलतात. मी ओरडू का त्याच्यावर?

मॅच संपल्यावर लगेच तर अजिबात नको. घरी जेवण झाल्यावर एवढंच विचारा की तू निघालास तेव्हा तुला काय दिसलं होतं. बॉल आधी आपल्याला मिळेल असं दिसलं असेल तर निर्णय बरोबर होता, पाय कमी पडले. दिसलंच नसेल आणि नुसता निघाला असेल तर त्यावर काम करता येतं. नेपल्सनंतर इगीताला कोलंबियानं काढून टाकलं नाही, पुढच्या वर्षीच्या कोपा अमेरिकाला (दक्षिण अमेरिकेतल्या देशांचा कप) गोलमध्ये तोच होता.

या पावसाळ्यात आमच्या एका मॅचला तेरा वर्षांचा गोली असाच निघाला, ग्राउंड ओलं, बॉल त्याच्या उजव्या पायाखालून सटकला आणि गोल. त्याचे आजोबा गोलच्या मागे छत्री घेऊन उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. हाफ टाइमला पोरगा पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडे आला आणि विचारलं, सर, पुढच्या वेळी डाव्यानं मारू का, उजवीकडून तो पोट्टा दाबून राहिला. म्हटलं मार. सेकंड हाफमध्ये परत तसाच लांब बॉल आला, परत बॉक्स सोडून निघाला, आणि डाव्यानं असा दिला की बॉल थेट रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीत जाऊन पडला. आजोबा छत्री मिटून तो आणायला निघाले.